सेहेचाळीस

पालहून दोन एसट्या बदलून
रेहाना तडवी सावद्याला येते
आणि पेन ड्राइव्ह असा पुढे करते
जशी घरून कुणी डब्यात शेवभाजी धाडलीय.
"मॅडम, गेम झाला."

वरून केळीचे घड पडतात,
खाली पिवळी ट्रॉली डावी-उजवीकडे पळते.
झेलला तर दहा गुण.
तीन हुकले की पडद्यावर अक्षरं येतात:
माल रिजेक्ट.

मी हसते.
मग कोड उघडते, आणि चष्मा पुसते.

चारशे बारा ओळी, एका दमात.
ए, बी, मग डबल ए, मग ए-टू,
एक टेम्प, एक टेम्प नवीन,
एक टेम्प नवीन खरा.
"यातला घड कोण, ट्रॉली कोण?"
ती बोट लावून सांगते, भराभर,
बकऱ्या ओळखणाऱ्या पोरासारखी, एकही न चुकता.
"आणि दिवाळीनंतर विचारलं तर?"
ती खुर्चीचं फाटकं रेक्झिन खरवडते.

घड पाच, म्हणून त्याच सतरा ओळी पाच वेळा.
तिसऱ्यात अधिकचं वजा झालेलं.
म्हणून तिसरा घड कधीकधी
खाली न येता आभाळात जातो.
"मला वाटलं, वारा असंल."

"पण चालून तर राहिलं ना, मॅडम?"
चालून राहिलं, बाई.
माझ्या भावाची लुनापण चालायची.
उताराला.

"तुझे वडील बागेत काय करतात?"
"आता? पिलं कापून राहिले."
"का कापायची? हिरवी असतात, जिती असतात."
"मोठ्या खोडाचं खातात ना ती. एकच ठेवायचं,
बाकीची..."

पुढचं ती बोलत नाही.
पंख्याची कटकट ऐकू येते थोडा वेळ.
मग माझ्या हाताखालून माउस ओढून घेते
आणि चार पिलं कापते, बुडापासून.
उरलेल्याला नाव देते: घड पाड.
पाचदा हाक मारते त्याला, पाचही घड सरळ खाली येतात.
वारा गेल्याचं तिला जरा वाईट वाटतं.

आता मला जोर चढलेला.
नऊ ठिकाणी सेहेचाळीस. नुसता आकडा.
दर पावलाआड ट्रॉली थांबते तेवढे मिलिसेकंद,
आणि अख्ख्या कोडात एकुलती एक टीप तिथेच:
याला हात लावू नये.
"हे असलं बिननावी काही ठेवायचं नाही," म्हणत
मी वीस करून टाकते.
ट्रॉली सुसाट.

"नका ना, मॅडम.
मे महिन्यात लिहिला मी. वडील बागेतच होते,
दुपारचे दोन, मोबाइलवर भुसावळ
सेहेचाळीस दाखवून राहिलं होतं.
तेवढ्या उन्हात माणूस
याच्यापेक्षा जोरात ट्रॉली नाही भरू शकत."

सोळा वर्षं मी पोरांना सांगतेय,
आकड्याला नाव द्या, आकड्याला नाव द्या.
त्याला आधीच काही नाव असेल
हे कधी विचारलं नव्हतं.

ती फाइलच्या अगदी वर जाते,
एक ओळ मोकळी करते, लिहिते:
ऊन, बरोबर, सेहेचाळीस.
खाली नऊ ठिकाणी नुसतं ऊन.
"आता एकाच जागी बदलता येईल," मी म्हणते.
"उन्हाला?"
अठ्ठावीस करून बघते. एकही घड हुकत नाही,
खुर्चीतल्या खुर्चीत उडते ती.
मग परत सेहेचाळीस.
"खरं तेच राहू द्या."

साडेपाचच्या गाडीला ती पळते.
मी क्लासच्या फीचा प्रोग्राम उघडते,
मीच लिहिलेला, दोन हजार नऊ साली.
ए. बी. टेम्प.
आणि चौदाव्या ओळीत, कुणाच्याही नावाशिवाय,
वजा साडेतीनशे.

कुणाला माफ केले होते मी?
दिवा लावायचा राहून जातो,
बाहेर केळीचा ट्रक रिव्हर्स घेतोय.